लाल अंबाडी लावण्याआधी: पाला, बोंड की वाख?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मोहोळ तालुक्यात तुमच्या बचत गटाने तीस गुंठे मध्यम काळी जमीन खंडाने घेतली आहे. गटात अकरा जणी आहात. एक व्यापारी लाल अंबाडीचे बी द्यायला तयार आहे आणि वाळलेल्या पाकळ्या मीच उचलेन असे तोंडी सांगतो. सासूबाई म्हणतात, ही तर आपली बांधावरचीच अंबाडी, तिचे कसले आले पीक. तेव्हा दोन्ही अंबाड्या एकच का, पेरायची कधी, हाती किती येईल आणि या भानगडीत पडावे की नाही, हे तुम्हाला हवे आहे.

मी दक्षिण सोलापुरात बावीस वर्षे अंबाडी घेतो आहे. सुरुवातीला तुरीच्या कडेने, नंतर अर्धा एकर, आता सव्वा एकर. त्या अनुभवावरून सांगतो.

सासूबाईंचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. आपण ज्यांना अंबाडी म्हणतो त्या खरे तर दोन वेगळ्या वनस्पती आहेत. एकीची पाने हाताच्या पंजासारखी खोल कातरलेली असतात, खोडावर बारीक काटे असतात आणि बोंड कोरडे, केसाळ. हिचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. बांधावर वाखासाठी, म्हणजे दोर वळायच्या सालीच्या धाग्यासाठी, आणि पाल्यासाठी लावायचे ती बहुतेक हीच. दुसरी हिबिस्कस सबदारिफा. तिचे खोड आणि देठ लालसर असतात, पाला जास्त आंबट असतो आणि फूल गळाल्यावर त्याखालची निदले (आपण त्यांनाच पाकळ्या म्हणतो) मांसल होऊन लालभडक बोंड तयार होते. तुमच्या व्यापाऱ्याला हवी आहे ती ही. दोन्ही भेंडी, कापूस, जास्वंदीच्या कुळातल्या, दोघींची फुले फिकट पिवळी आणि पोटात गर्द तांबडी. म्हणून फुलावरून ओळखायला गेलात तर फसाल.

फसण्याची आणखी एक जागा आहे आणि मी स्वतः तिथे एक हंगाम घालवला आहे. या लाल अंबाडीतही दोन घराणी आहेत. एक बुटकी, खालपासून फांद्या फुटणारी, मांसल बोंडाची. दुसरी दहा-दहा फूट सरळ वाढणारी, फांद्या जवळजवळ नाहीतच. ती ताग-मेस्ता पिकवणाऱ्या भागात धाग्यासाठी घेतात. एचएस ४२८८, एचएस ७९१० किंवा आंध्रातल्या आमदालवलसा केंद्राची एएमव्ही ही नावे ऐकलीत तर समजा की ते धाग्याचे वाण आहेत. मला एका दुकानातून ‘लाल अंबाडी’ म्हणून असेच बी मिळाले होते. ऑक्टोबरात रानात नुसत्या काठ्या उभ्या राहिल्या आणि बोंडाला नखाएवढीही गरदार पाकळी नव्हती. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. मी काय मागायचे तेच मला माहीत नव्हते. म्हणून व्यापाऱ्याकडे बियाण्याबरोबर त्याच झाडाची दोन-चार वाळलेली अख्खी बोंडे मागा. कोमट पाण्यात पंधरा मिनिटे टाका. पाकळी फुगून जाड झाली, पाणी लाल आणि आंबट झाले तर बी घ्यायला हरकत नाही. बोंड दाखवायला नाही म्हणाला तर बी घेऊ नका.

आता पेरणी. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकीचे सगळे तिच्यावर बसते. अंबाडीला फूल कधी धरायचे हे दिवसाच्या लांबीवरून कळते. दिवस साडेबारा-बारा तासांच्या खाली यायला लागला की ती कळी धरते, मग झाड कमरेएवढे असो की वीतभर. सोलापुरात जूनच्या शेवटी दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. म्हणजे आपल्याकडे सप्टेंबर सरता सरता कळ्या, ऑक्टोबरभर फुले आणि नोव्हेंबरपासून बोंडे, हे वेळापत्रक तुम्ही जूनमध्ये पेरा की ऑगस्टमध्ये, फारसे हलत नाही. हलतो तो झाडाचा आकार. मृगाच्या पावसावर, निदान जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेले झाड फुलायच्या आधी तीन महिने वाढते, फांद्या करते. ऑगस्टच्या मध्यावर पेरलेले गुडघाभर असतानाच फुलते आणि दहा-पंधरा बोंडांत संपते. आपल्याकडे जून-जुलैत पाऊस हुलकावणी देतो आणि सप्टेंबरात कोसळतो. त्यामुळे ‘पाऊस पडेल तेव्हा पेरू’ हे ज्वारीला चालते, बोंडाच्या अंबाडीला चालत नाही. तुमच्याकडे विहिरीचे किंवा बोअरचे दोन पाणी द्यायची सोय असेल तर जूनअखेर टोकून घ्या आणि उगवण करून घ्या. सोय नसेल आणि वीस जुलैपर्यंत वाफसा आला नाही, तर त्या वर्षी बोंडाचा नाद सोडून पाल्याचे पीक घ्या.

बी किती लागते याबद्दल लोक भलतेच आकडे सांगतात. तीन बाय तीन फुटांवर टोकण केली तर तीस गुंठ्यांत ३६३० ठिकाणे बसतात. एका ठिकाणी तीन बिया धरा, म्हणजे अकरा हजारांच्या आत. हजार बियांचे वजन साधारण पंचवीस ग्रॅम भरते. पाऊण किलो कशाला, पाव किलोच्या वर थोडे लागेल. तूट धरून अर्धा किलो घ्या. पाच किलोची पिशवी गळ्यात मारली जात असेल तर ती धाग्याच्या पेरणीचा हिशेब धरून दिलेली आहे. पेरायच्या आधी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून चार-पाच दिवस ठेवा. सत्तरच्या खाली उगवल्या तर दर ठिकाणी एक बी वाढवा.

जमीन मध्यम काळी म्हणता ते ठीक आहे. मुरमाड, हलकी असली तरी अंबाडी कुरकुर करत नाही. तिला सोसत नाही ते साचलेले पाणी. सप्टेंबरच्या झडीत सखल कोपऱ्यातली झाडे जमिनीलगत खोड काळे पडून माना टाकतात. ही खोडकूज एकदा लागली की औषधाने झाड परत येत नाही, म्हणून उताराला आडवे सरी-वरंबे करा आणि वरंब्यावर टोका. शेणखत दोन-तीन गाड्या आधी मिसळा. युरिया मात्र जपून. जास्त नत्राने पाला हिरवागार दिसतो आणि बोंडे उशिरा, कमी लागतात. पहिल्या दीड महिन्यात दोन खुरपण्या झाल्या पाहिजेत, पुढे झाडच सावली धरते. भेंडीच्या शेजारी लावू नका. पांढरी माशी आणि तिच्याबरोबर येणारा पिवळ्या शिरांचा रोग दोन्हीकडे फिरतो. पिठ्या ढेकूण दिसला की ती फांदी कापून पिशवीत भरून बाहेर न्या. पाला आणि बोंड दोन्ही खाल्ले जाणार आहे, हे लक्षात ठेवून फवारणीचा विचार शेवटी करा.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी शेंडे खुडायचे. हे टाळू नका. शेंडा खुडला की बगलेतून सहा-आठ फांद्या निघतात आणि बोंडे फांदीवर लागतात. आणि खुडलेला शेंडा हा तुमचा पहिला पैसा आहे.

इथे सोलापूरचे वेगळेपण तुमच्या कामी येणार आहे. मराठी घरात जिला अंबाडी म्हणतात, तिला अक्कलकोट-इंडीकडची कानडी माणसे पुंडी म्हणतात आणि सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरात ती गोंगुरा असते. तीन भाषांचे गिऱ्हाईक एकाच भाजीला दुसऱ्या गावात सहज मिळायचे नाही. पूर्व भागात पाला नेताना मी एक गोष्ट शिकलो. तिथल्या बायका लाल देठाची जुडी आधी उचलतात, पानाचा कोपरा तोडून जिभेवर ठेवतात आणि मगच भाव विचारतात. पच्चडीला, म्हणजे त्यांच्या चटणीला, कडक आंबट पाला लागतो. मराठी आणि कानडी गिऱ्हाइकाला कोवळा, कमी आंबट चालतो, कारण त्यांना तो भाकरीशी वाटीभर खायचा असतो. म्हणून मी जुड्या दोन प्रकारच्या बांधतो, पहाटे खुडून, ओल्या फडक्यात. दुपारी खुडलेला पाला संध्याकाळपर्यंत मलूल पडतो आणि निम्म्या भावात जातो. ऑगस्ट-सप्टेंबरात दर पंधरा दिवसांनी वरचा पाला काढता येतो. मात्र कळी दिसली की खुडणे बंद.

घरी भाजी कशी करतो तेही सांगतो, कारण गटाने भाजी करून विकायची ठरवली तर उपयोग होईल. पाला निवडून, चिरून उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवायचा आणि पाणी पिळून टाकायचे, नाहीतर आंबटपणा दातावर येतो. ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तूरडाळ वेगळी शिजवून घ्यायची, शेंगदाणे त्यातच. मग पाला घालून रवीने घोटायचे, मीठ, हिरवी मिरची, सुपारीएवढा गूळ. आणि ताटात वाढल्यावर वरून करडईच्या तेलात लालसर तळलेला भरपूर लसूण, तेलासकट. कण्या पाल्याचे पाणी धरून ठेवतात म्हणून भाजी भाकरीवरून ओघळत नाही. ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात करू नका, आंबट पदार्थ धातू खातो. स्टील किंवा मातीचे भांडे बरे. लोखंडी कढईत ती काळी पडते.

आता बोंड. फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत बोंड तयार होते. ओळखायचे असे: पाकळी बोटांनी दाबली की काकडीसारखी कट्कन मोडते, आणि आतली बीची पेटी अजून हिरवी असते. पेटी तपकिरी होऊन टोकाला फटी पडू लागल्या की पाकळी चिवट होते आणि रंग उतरतो. झाडावरची सगळी बोंडे एकदम येत नाहीत, खालून वर येतात. म्हणून पाच-सहा आठवडे, दर आठ दिवसांनी एक तोडा. तोडणी दव उडाल्यावर, अंगभर बाह्यांचा सदरा घालून करायची. पेटीवरची लव कातडीत शिरते आणि दिवसभर खाज सुटते.

बी काढायला आम्ही अर्ध्या इंचापेक्षा किंचित रुंद अशा स्टीलच्या नळीचा बोटभर तुकडा वापरतो, एका टोकाला कानशीने धार लावलेला. बोंड देठाकडून वर धरायचे, नळी देठाच्या जागी टेकवून अर्धा पीळ देत दाबायची. खट् असा हलका आवाज येतो आणि हिरवी पेटी अखंड वरून बाहेर पडते. हातात राहते ते पाच पाकळ्यांचे लाल फूल, मधोमध गोल भोक. हात बसला की मिनिटाला दहा-अकरा बोंडे होतात. चाकूने केले तर वेळ दुप्पट आणि पाकळ्या फाटतात.

वाळवणीत माझे दुसऱ्या वर्षी नुकसान झाले. ताडपत्रीवर चार बोटे जाड थर पसरला, रात्री दवात तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी खालचा थर काळा आणि त्याला आंबूस वास. चाळीस किलो ओली पाकळी उकिरड्यात गेली. तेव्हापासून मी बांबूच्या चौकटींवर शेडनेट ताणून जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर एकेरी थर घालतो, वर पातळ कापड. खालून वारा लागला पाहिजे. संध्याकाळी चौकटी पडवीत. नोव्हेंबर-डिसेंबरातली सोलापूरची कोरडी हवा याला फार चांगली आहे, चार-पाच दिवसांत पाकळी मुठीत कुरकुरते. कडक उन्हात थेट टाकली तर रंग फिका पडतो, आणि रंगावरच भाव ठरतो. वाळली की लगेच हवाबंद डब्यात, अंधारात.

किती निघेल? कोरडवाहूत एका झाडाला पेटीसकट अर्धा किलो बोंडे धरा. तीस गुंठ्यांत अठराशे किलो. पेटी काढल्यावर वजन साधारण निम्मे होते, नऊशे किलो ओली पाकळी. दहा किलो ओलीची एक किलो वाळकी होते. म्हणजे नव्वद किलो. पाण्याची सोय आणि चांगले वर्ष असेल तर थोडी वाढेल, पण तुम्हाला कुणी तीस गुंठ्यांत पाच क्विंटल वाळकी पाकळी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता याच नव्वद किलोकडे मजुरीच्या बाजूने बघा. एक बाई तासाला पाच-सहा किलो बोंडांतले बी काढते. अठराशे किलोला सव्वातीनशे-साडेतीनशे तास. तोडणीला जवळजवळ तितकेच. वाळवणे, उलटणे, निवडणे वेगळे. एक किलो वाळक्या पाकळीच्या मागे एका बाईचा एक पूर्ण दिवस उभा असतो. हा आकडा मी हंगामा-हंगामाला मोजून बघितला आहे आणि तो फार बदलत नाही. म्हणून व्यापारी जो भाव सांगेल तो तुमच्या गावातल्या बाईच्या दिवसाच्या रोजाशी लावून बघा. रोजापेक्षा कमी असेल तर ही शेती तुमच्या श्रमावर चालणार, आणि व्यापारी ते ओझे उचलणार नाही. दीड-पावणेदोन पट असेल तर खंड, खत आणि वाळवणीचे सामान सुटून काही उरेल. मजूर लावून बोंड काढणाऱ्यांना म्हणूनच हे पीक परवडत नाही. तुम्ही अकरा जणी आहात, ही तुमची खरी ताकद आहे. सव्वातीनशे तास अकराजणींत वाटले तर प्रत्येकीला तीस तास पडतात, तेही पाच-सहा आठवड्यांत, दुपारच्या वेळी पडवीत बसून.

व्यापाऱ्याकडून चार गोष्टी कागदावर घ्या: किलोचा भाव, ओलावा किती चालेल, किती माल उचलणार आणि पैसे किती दिवसांत देणार. तोंडी हमीवर माझ्या ओळखीतल्या दोघांनी माल वाळवून ठेवला आणि त्या माणसाने पुढे फोनच घेतला नाही. पाकळी डब्यात वर्षभर टिकते, पण रंग दर महिन्याला थोडा मरतो.

त्याच्या पत्रकावर अंबाडीचा चहा मधुमेह, रक्तदाब, वजन सगळे बरे करतो असे छापले आहे म्हणता. तसले काही आपल्या पाकिटावर छापू नका. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, आणि पाकिटे विकायची तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणीही लागेल. रक्तदाबाबद्दल इतके खरे आहे की नेमाने प्यायल्यास तो थोडा उतरतो असे काही चाचण्यांत दिसले आहे. त्यामुळेच रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच प्यावा आणि गरोदर बायकांनी टाळावा. तुम्ही सरबत म्हणून विका. सुदान आणि इजिप्तमध्ये याच पाकळीला कर्कदे म्हणतात आणि पाहुण्याला देतात, मेक्सिकोत ती ‘हमाइका’ म्हणून थंड पितात. चव आणि रंग एवढे गुण तिला पुरेसे आहेत. मूठभर वाळकी पाकळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, गाळून गूळ आणि चिमूटभर मीठ घाला, उकळू नका. आमच्याकडे उन्हाळ्यात हेच होते.

वाखाबद्दल थोडेच लिहितो, कारण तुमच्या कामाचे नाही. झाड निम्मे फुलले की कापायचे, पाण्यात दहा-पंधरा दिवस कुजवायचे आणि साल ओढून धुवायची. त्याची दावी, कासरे, चऱ्हाटे वळायची. आता ओढ्याला तेवढे दिवस पाणीच राहत नाही आणि नायलॉनचा दोर स्वस्त आहे. पण बैलाच्या मानेला नायलॉन काचतो. माझ्याकडे अजून एक जोडी आहे आणि तिच्यासाठी मी बांधावरची पन्नास झाडे वाखाला ठेवतो.

यात पडावे का, तर पहिल्या वर्षी तीसही गुंठे बोंडाला देऊ नका. दहा गुंठे बोंड, दहा गुंठे पाला आणि उरलेल्या दहात उडीद-मूग. पाला ऑगस्टपासून दर पंधरा दिवसांनी पैसा देईल, खंड त्यातून निघेल. बोंडाचे पैसे यायला जानेवारी उजाडतो आणि गटातल्या सगळ्याजणी तोपर्यंत धीर धरतीलच असे नाही. दहा गुंठ्यांत तीस किलो वाळकी पाकळी होईल. तेवढी व्यापारी न आला तरी तुम्ही स्वतः गड्ड्याच्या यात्रेपर्यंत (संक्रांतीची सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) पाकिटे भरून विकू शकता.

आणि बी पुढच्या वर्षी विकत घेऊ नका. नोव्हेंबरातच, पहिल्या तोड्याच्या वेळी, सगळ्यात जाड पाकळीची आणि खालपासून फांद्या असलेली दहा-बारा झाडे निवडून त्यांना चिंधी बांधा. त्यांची बोंडे तोडायची नाहीत. संक्रांतीच्या सुमारास पेट्या वाळून टोकाला उघडतात. उघडल्याबरोबर काढा, नाहीतर बी रानात सांडते. त्यावर लाल-काळे बारीक ढेकूण बसतात, तेव्हा पेट्या एक दिवस उन्हात घालून, कुटून, पाखडून बी राखेत मिसळा आणि पत्र्याच्या डब्यात ठेवा. सासूबाईंना हे काम द्या. त्यांचा हात यात तुमच्या-माझ्यापेक्षा मुरलेला असेल.